गोंद शेवटी: लहान मुलांच्या कोलाजबद्दल पालक विचारतात ते प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आमच्या घराच्या पडवीत दर रविवारी सकाळी मी साडेतीन ते आठ वर्षांच्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. मुलांना सोडताना दारात उभं राहून पालक जे विचारतात आणि मग रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपवर जे विचारतात, त्यातलं पुन्हापुन्हा येणारं इथे लिहून ठेवलं आहे. काही प्रश्नांना एका ओळीत उत्तर आहे, काहींना नाही.

टीचर, कोलाज म्हणजे चिकटकामच ना?

चिकटवणं त्यात आहे खरं, नावही फ्रेंच भाषेतल्या ‘चिकटवणे’ या क्रियापदावरूनच आलंय. १९१२ साली पिकासोने एका चित्रात वेताच्या खुर्चीचं विणकाम छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि भोवती चौकटीऐवजी दोरी गुंडाळली. त्याच वर्षी ब्राकने कागद चिकटवून चित्रं केली. तिथून चित्रकारांच्या जगात कोलाज शिरलं, असं सांगतात.

पण मी पालकांना माटोळी आठवा म्हणते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, तोरंजन, चिबूड, रानातली फळं बांधताना तुमचे काका काय करतात? खाली उभे राहून बघतात, ‘हे जरा डावीकडे घे’ म्हणतात, पिवळ्याशेजारी हिरवं लावतात, जड वस्तू मध्ये घेतात. गाठ सगळ्यात शेवटी मारतात. कोलाज हे इतकंच आहे. वस्तू कुठे शोभते ते ठरवायचं, आणि ठरेपर्यंत ती हलवता आली पाहिजे. म्हणून आमच्या वर्गात गोंदाची वाटी पहिला अर्धा तास कपाटात असते.

कितव्या वर्षापासून सुरू करावं?

दीड-दोन वर्षांचं मूल कागद फाडतं, ते पहिलं कोलाज समजा. फाडणं वाटतं तितकं सोपं नाही बरं का. दोन्ही हातांनी विरुद्ध दिशेला ओढायचं आणि चिमटीत पकड ठेवायची, यात बोटांना भरपूर काम आहे. तीनच्या आसपास कात्रीने नुसते कचाकच काप देता येतात, चारपर्यंत सरळ रेषेवर कापता येतं, गोल आणि वळणं जमायला पाच-सहा वर्षं लागतात. हे सगळं अंदाजे. साडेपाच वर्षांचा मुलगा अजून वेडंवाकडं कापत असेल तर घाबरू नका, त्याला पोस्टकार्डाइतका जाड कागद द्या. पातळ कागद कात्रीत दुमडतो आणि चूक मुलाची आहे असं वाटतं.

तीन वर्षांखालच्यांना मणी, बिया, बटणं देऊ नका. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार पडते ती त्या वयाला नको, हे घरच्या घरी करायचं माप.

माझी मुलगी डावखुरी आहे, कात्री चालत नाही तिची.

डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, ती आणा. नुसते दांडे दोन्ही हातांना चालतील असे केलेली नव्हे, पातीच उलट बसवलेली. साध्या कात्रीने डाव्या हाताने कापताना वरचं पातं रेषा झाकतं, म्हणून ती मान वाकडी करून बसते.

मुलांना आधी नमुना दाखवायचा ना? नाहीतर ती नुसती बसून राहतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नमुना दाखवला की तीस मुलं तीस मोर करतात आणि त्यातले एकोणतीस ‘चुकलेले’ असतात. शिवाय नमुना टीचरचा, म्हणजे ठरवण्याचं काम टीचरने आधीच करून टाकलेलं. मुलाकडे उरतं ते फक्त चिकटवणं, जे या सगळ्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं काम आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. साडेचार वर्षांचा एक मुलगा. त्याच्यापुढे पुठ्ठा, निळ्या लग्नपत्रिकेचा फाटका तुकडा, काथ्याचा पुंजका आणि तिसऱ्यांच्या (जेवणात करतात त्या) तीन शिंपल्या. त्याने शिंपल्या एका ओळीत मांडल्या आणि म्हणाला, ‘मगर.’ कुंभारजुव्याच्या खाडीतल्या मगरी त्याने बोटीतून बघितल्या होत्या. हे तिचे दात. पाचेक मिनिटं मगर होती. मग काथ्याचा पुंजका सरकत सरकत वर आला, तेव्हा तो स्वतःच थबकला. ‘ही तर आजी!’ दोन शिंपल्या पालथ्या होत्या त्या उताण्या केल्या, चष्मा झाला. तिसरी शिंपली बराच वेळ मुठीत होती. मला वाटलं, आता नाक किंवा तोंड होणार. त्याने निळा तुकडा पुठ्ठ्याच्या पार कोपऱ्यात नेला, शिंपली त्यावर ठेवली आणि मला समजावलं, ‘ती कवळी. रात्री पाण्यात ठेवते.’

गोंद आल्यावर चिकटवायला दोन मिनिटं लागली. गोंद सुरुवातीलाच हाताशी असता तर दुसऱ्याच मिनिटाला मगरीचे दात पक्के झाले असते आणि आजी कधी आलीच नसती.

‘नुसती बसून राहतात’ याबद्दल: राहू द्या. पहिल्या दोन-तीन रविवारी बसतात. फारच अडलं तर मी ‘काय करणार?’ असं विचारत नाही, ‘यातलं खरखरीत काय आहे?’ असं विचारते. हात वस्तूंकडे गेला की पुढचं आपोआप होतं.

सामान काय आणायचं? किती खर्च येतो?

कात्री, पांढरा गोंद, दोन ब्रश आणि थोडे रंग एवढंच विकत. बाकी घरात आहे. वाणसामानाची खोकी हा पाया. चित्रकलेच्या वहीचा कागद ओल्या गोंदाने आणि वजनाने वाकतो. मग लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद, आकाशकंदिलातून उरलेला पतंगाचा कागद, शिंप्याकडच्या चिंध्या, काथ्या, करवंटीचे तुकडे (कडा पॉलिश पेपरने घासून), माडाच्या हिरांचे बारीक काप, कांद्याची वाळलेली सालं, लसणाची टरफलं, चिऱ्याची लाल माती चाळून. लसणाच्या सालीचा तो पांढरट जांभळा रंग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

एक करा: एका दिवशी सगळं समोर ओतू नका. तीन किंवा चार प्रकार पुरेत. दहा प्रकार ठेवले की मुलं बाजारात आल्यासारखी नुसती गोळा करत सुटतात.

बाजारचे रंगीत कागद आणू की मुलांनी रंगवलेले?

मुलांनी रंगवलेले. या रविवारी मोठे कागद नुसते रंगाने भरायचे, ब्रशने, स्पंजने, जुन्या कंगव्याने ओरखडून. पुढच्या रविवारी तेच कागद फाडायचे-कापायचे. मातिसने उतारवयात, १९४१च्या शस्त्रक्रियेनंतर, असंच केलं: सहायकांकडून कागद एकेका रंगाने भरून घ्यायचे आणि कात्रीने थेट त्यातून आकार कापायचे. रंगवलेल्या कागदात ब्रशचे फराटे दिसतात, त्यामुळे पानाचा आकार पान वाटतो. घोटीव कागदाचा हिरवा सगळीकडे सारखाच हिरवा.

मुलं स्वतःचं रंगवलेलं फाडायला सुरुवातीला तयार नसतात. म्हणून रंगवतानाच सांगून ठेवायचं, की हे चित्र नव्हे, हे आपलं कापड आहे.

रानातलं, बागेतलं काय चालतं? काही विषारी असतं का?

असतं, आणि इथे मी फार कडक आहे.

गुंज अजिबात नको. लाल-काळी, इतकी देखणी की प्रत्येक मूल उचलतंच, आणि पालकही हौसेने डबी भरून आणून देतात. तिच्या कठीण सालीच्या आत ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. बी चावली गेली किंवा माळेसाठी तिला भोक पाडलं तर ते बाहेर येतं. एक बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. एरंडाच्या बिया, धोतऱ्याची काटेरी फळं, पांढरी-गुलाबी आणि पिवळी कण्हेर, ही सगळी याच यादीत. मुलाने गिळलं असं वाटलं तर उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता १०८ला फोन करा आणि उरलेली बी डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.

दुसरं म्हणजे कच्च्या काजूबिया. गोव्यात एप्रिल-मेमध्ये कुठेही सापडतात, आकार गोड असतो, आणि टरफलातलं तेल कातडीला फोड आणतं. बिब्ब्याचंही तसंच. खाजकुइलीच्या शेंगेची मखमल दिसते छान. एकदा हात लावलेल्या माणसाला परत सांगावं लागत नाही.

चालतं ते असं: चिंच, गुलमोहर यांच्या बिया, वालाच्या-चवळीच्या बिया (चार वर्षांवरच्यांना), सुरूची बोंडं, सागाची वाळलेली पानं, आणि पिंपळाचं पान पाण्यात भिजत ठेवून केलेली जाळी. हिरवं पान थेट चिकटवू नका. आठवडा-दोन आठवडे वर्तमानपत्रात दाबून, मधे दोनदा कागद बदलून मग वापरा, नाहीतर खाली बुरशी धरते.

गोंद कोणता? घरी खळ केली तर चालेल?

कागदासाठी खळ उत्तम. तीन मोठे चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा, उकळत्या कपभर पाण्यात ओतायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, वास आला की टाकून द्यायची. जुने लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मुलांच्या खळीत तो घालायचा नाही, विषारी आहे. पतंगाच्या कागदाला तर गार झालेली घट्ट पेजही पुरते.

शिंपली, करवंटी, लाकूड, कापड यांना फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद. गरम गोंदाची बंदूक आणि झटपट चिकटणारी ट्यूब मुलांच्या टेबलावर येऊ देऊ नका. ट्यूबने बोटं चिकटतात.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: पातळ कागद असेल तर गोंद खालच्या पुठ्ठ्याला लावा, वस्तू जाड असेल तर वस्तूला लावा. मुलं नेमकं उलट करतात आणि मग ‘टीचर, चिकटना!’

पावसात काहीच वाळत नाही. जून ते सप्टेंबर वर्ग बंद ठेवायचा का?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा याच चार महिन्यांत. वर्ग बंद ठेवला तर वर्षातले चार महिने गेले. आम्ही पद्धत बदलतो. पावसाळ्यात ओली खळ कमी, पांढरा गोंद बेताचा. शिवाय बांधणं, विणणं, टोचणं जास्त. पुठ्ठ्याला कडेने खाचा पाडून त्यात लोकर ओवायची, मधून माडाच्या हिरांचे काप आणि चिंध्या घालायच्या. गोंद लागतच नाही.

चिकटवलंच तर चित्र आडवं ठेवून पंख्याखाली वाळवायचं. फ्रीजच्या मागे, चुलीजवळ नको, पुठ्ठा पापडासारखा वळतो. वळू नये म्हणून मागच्या बाजूलाही वर्तमानपत्राचा एक थर चिकटवा, दोन्हीकडून सारखी ओढ बसते. आणि चित्रं कपाटात कोंबायची नाहीत. एका जुलैमध्ये मी सोळा चित्रं पेटीत रचून ठेवली आणि चवथीआधी उघडली. हिरवीगार होती, पण रंगाने नव्हे.

शिंपल्यांचा वास जातच नाही!

जेवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन चालत नाही, उकळाव्या लागतात. दहा मिनिटं उकळायच्या, सांध्यातला चिवट धागा काढायचा, जुन्या ब्रशने घासायच्या, दोन कडक उन्हं दाखवायच्या. किनाऱ्यावर वेचताना आत जीव असलेलं शंख-शिंपलं उचलायचं नाही, हे मुलांना सांगा. मुलं ते आपल्यापेक्षा काटेकोर पाळतात.

लग्नपत्रिकेवर गणपती असतो. तो कापला तर सासूबाईंना चालत नाही.

मलाही चालत नाही, खरं सांगायचं तर. आमच्याकडे पत्रिका आली की टेबलावर जाण्याआधी मी स्वतः गणपती अख्खा कापून वेगळ्या पाकिटात ठेवते. कुलदेवतेचं नाव छापलेली ओळही. क्रूस असलेल्या पत्रिकांचं तसंच. चवथीला एखादी आई ते पाकीट मागून नेते. उरलेल्या पत्रिकेचा मखमली कागद, सोनेरी कड, आतला झिरझिरीत कागद बिनधास्त वापरा.

थर्माकोल आणि ग्लिटर?

थर्माकोल नको. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. ग्लिटर म्हणजे बहुधा प्लॅस्टिकचा चुरा, पडवी झाडली की तो पागोळ्यांच्या पाण्यातून ओहोळात जातो. चमक हवी तर मिठाईच्या डब्यातला कागद बारीक कातरा.

माझा मुलगा एकावर एक चिकटवत जातो. शेवटी नुसता ढीग होतो. थांबवू का?

थांबवू नका. चारच्या आसपास बऱ्याच मुलांना झाकण्याची गोडी असते. खाली काय आहे ते फक्त त्यालाच माहीत, हे गुपित त्याला आवडतं. त्याला विचारा, ‘सगळ्यात खाली कोण आहे?’ दहा मिनिटांची गोष्ट ऐकायला मिळेल.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी मी याच ढिगाचा खेळ करते. चार थर चिकटवायचे, वाळू द्यायचे आणि वरून खरवडून खालचा रंग काढायचा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला अशीच: वरच्या लाल थरात खरवडून खालचा पांढरा चुना दाखवायचा. तुमच्या गावच्या देवळात कावी शिल्लक असेल तर आधी मुलाला ती दाखवून आणा.

हाताला गोंद लागला की माझी मुलगी रडते.

ब्रश द्या, ओला फडका शेजारी ठेवा आणि विषय सोडून द्या. काही मुलांना चिकट स्पर्श खरंच सोसत नाही, तो हट्ट नसतो. तिला कोरड्या वस्तू लावू द्या. आमच्याकडे अशी एक मुलगी वर्षभर फक्त मांडायची आणि चिकटवायचं काम तिचा मित्र करायचा. मांडणी तिची वर्गात सगळ्यात चांगली. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५०च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून, बोटांनी चाचपून कोलाज केली. बोटं कुणाची कुठे चालतील ते आपण ठरवू नये.

मुलांना दाखवायला कुठे न्यावं?

पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या अझुलेजो (पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या) फरश्यांची भिंत आहे, जॉर्ज कोलासो यांची, १९३५ची. प्रत्येक फरशीवर चित्राचा एकेक तुकडा. मुलं एक फरशी निवडून ‘यात फक्त अर्धा घोडा आहे’ असं ओरडत हिंडतात. घरी आल्यावर स्वतःचंच चित्र चौकोनात कापून पुन्हा जुळवा. पिळर्ण इथलं म्युझियम ऑफ गोवा बघा; तिथे समुद्राशी जोडलेल्या साहित्यातून केलेली कामं आहेत. आणि जुन्या घरांतली फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. बऱ्याच जणांच्या आजोळी ती आहे, पण कुणी खाली बघत नाही.

नरकासुराचा पुतळा तर वाड्यावाड्यावर असतो. दिवाळीच्या आधी आठवडाभर संध्याकाळी मुलाला घेऊन फक्त बघत उभे राहा. गवत भरलेला सांगाडा, त्यावर वर्तमानपत्र आणि खळ, मग रंग. थर कसे चढतात ते यापेक्षा चांगलं कुठे दिसणार?

स्पर्धेत पाठवू का?

आठ वर्षांपर्यंत मी पाठवत नाही. एकदा पाठवलं होतं. पहिलं बक्षीस मिळालेल्या मोराची पिसं अशी एकसारखी कातरलेली होती, की ती पाच वर्षांच्या हाताने कापलेली नव्हती हे परीक्षक सोडून सगळ्यांना दिसत होतं. आमच्या मुलाने मला विचारलं, ‘तिची आई पण वर्गात येते?’

शाळेत चाळीस मुलं आहेत, पस्तीस मिनिटांचा तास. तिथे कसं जमणार?

चार-चार मुलांत एक सूप किंवा ताट, त्यात सामान. पहिल्या तासाला फक्त मांडायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचा, गोंद नाहीच. दुसऱ्या तासाला फोटो बघून पुन्हा मांडायचं, चिकटवायचं. पुन्हा मांडताना निम्मी मुलं बदल करतात. करू द्या. आणि आवरायला सात मिनिटं राखून ठेवा, बाकी सगळं जमलं तरी हे चुकतं.

कपड्यांवरचा गोंद कसा काढायचा?

खळ असेल तर साध्या पाण्याने जाते. पांढरा गोंद ओला असतानाच धुवा. वाळला असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, नखाने खरवडून मग साबण. शाळेचा गणवेश घालून पाठवू नका. बाबांचा जुना बनियन पुढे-मागे उलटा घातला की गुडघ्यापर्यंत येतो, तेवढं पुरे.